हसणारी स्त्री आणि हसविणारी स्त्री

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विवेचन करताना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एक चमत्कारिक विसंगती नजरेस येते. हास्य हे द्विविध आहे, आत्मस्थ आणि परस्थ, असे ते प्रथम सांगतात. मनुष्य स्वतः हसतो तेव्हा ते आत्मस्थ, आणि तो दुसऱ्यास हसवितो तेव्हा ते परस्थ. पुढे ते म्हणतात की, हा रस विशेषेकरून स्त्रियांच्या व नीच प्रकृतीच्या पात्रांच्या ठिकाणी आढळतो. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने स्मित करावे, फार तर दंतपंक्ती किंचित दिसू द्यावी. खदखदा हसणे हे इतरांचे काम. आता हा रस जर मुख्यत्वे स्त्रियांचा, तर रंगभूमीवर दुसऱ्यास हसविण्याचा अधिकारही त्यांच्याकडे यावयास हवा होता. पण तसे झाले नाही. संस्कृत नाटकात हसविण्यासाठी म्हणून ज्या पात्राची योजना होते तो विदूषक, आणि तो पुरुषच. एखाद्या चेटीच्या तोंडी चुरचुरीत वाक्य येते, नाही असे नाही. परंतु ते प्रसंगापुरते. स्त्रीने हसावे, तिला पाहून इतरांनीही हसावे, तिने मात्र कोणास हसवू नये, अशी ही वाटणी झाली. भरतमुनींचा हेतू काहीही असो, आपल्या समाजाने ही वाटणी पुढे शतकानुशतके मोठ्या इमानाने पाळली आहे.

ती मोडू पाहणारा एक नवा कलाप्रकार गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आला आहे. त्यास मराठीत अद्याप रुळलेले नाव नाही; 'स्टँड-अप कॉमेडी' ह्या इंग्रजी नावानेच तो ओळखला जातो. एक व्यक्ती, एक ध्वनिक्षेपक, मागे कोरी भिंत, आणि समोर तिकीट काढून बसलेले शेपन्नास लोक, एवढेच त्याचे साहित्य. वरवर पाहता आपल्या एकपात्री प्रयोगाचेच हे धाकटे भावंड वाटते. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' रंगभूमीवर आणली. आमच्या मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांड्यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ह्या प्रयोगात एकट्याने बावन्न पात्रे उभी केली. परंतु ह्या दोन प्रकारांत एक मूलभूत भेद आहे, आणि प्रस्तुत विषयाचे सारे मर्म त्या भेदात आहे. एकपात्री प्रयोगात नट आणि प्रेक्षक ह्यांच्यामध्ये पात्र उभे असते. जे बरेवाईट बोलले जाते ते पात्राच्या खाती जमा होते. स्टँड-अपमध्ये बोलणारी व्यक्ती 'मी' म्हणते. 'माझी आई', 'माझे लग्न', 'माझी नोकरी' असे म्हणते. आणि प्रेक्षक ते तिचेच म्हणून ऐकतात. पुरुषाच्या दृष्टीने हे जुन्या वाटेवरचे पुढचे पाऊल होय. स्त्रीच्या दृष्टीने तो एक उंबरठा आहे. तो ओलांडून ती 'मी' म्हणते तेव्हा तो 'मी' कोणाचा असतो, आणि तो आवाज तिने कोठून आणावयाचा, ह्या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मराठी स्त्रीला विनोदबुद्धी नव्हती आणि ती तिला नुकतीच पश्चिमेकडून प्राप्त झाली, असे मानणे हे अज्ञान होय. जात्यावरच्या ओव्या, हादग्याची व भोंडल्याची गाणी, मंगळागौरीचे खेळ, लग्नातले उखाणे, ह्यांत विनोदाचा केवढा साठा आहे! गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला त्याची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यात दुःख आहे तसा टोलाही आहे. हादग्यातले ते सर्वपरिचित गाणे आठवावे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला तर त्याला कारली येऊ दे. कारली आली तर त्यांची भाजी कर. प्रत्येक अट पुरी होताच नवी अट पुढे येते आणि माहेर जेथल्या तेथे राहते. कोणत्याही कचेरीच्या कारभाराचे ह्याहून नेमके विडंबन आपल्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. आणि ते करणाऱ्या बायकांनी कचेरीची पायरीसुद्धा पाहिलेली नव्हती.

परंतु ह्या विनोदास दोन अटी होत्या. पहिली अट श्रोत्यांची. तो बायकांनी बायकांत करावयाचा होता. जात्याशी पहाटेच्या अंधारात, अथवा पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरून. पुरुषाची चाहूल लागताच तो थांबावयाचा. दुसरी अट कर्तृत्वाची. त्यातला 'मी' कोणा एकीचा नसे. गाण्यातली सून म्हणजे सर्वच सुना. त्यामुळे कोणत्याही एका सासूला रागावण्यास जागा उरत नसे. निनावीपणा हे त्या विनोदाचे चिलखत होते. चिलखतामुळे अंग वाचते. पण आत कोण आहे हे मात्र ओळखू येत नाही.

स्त्रीचा विनोद पुरुषांसमक्ष, चव्हाट्यावर, प्रथम कोणी आणला असेल तर तो एका पुरुषानेच. आमच्या जालन्याहून काही कोसांवर, गोदाकाठी पैठणास, सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. त्यांतली कित्येक स्त्रीच्या तोंडी आहेत. भवानीआईस नवस बोलणारी ती सून आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सासरा, सासू, नणंद, एकेकाची वाट लावण्याची विनंती ती देवीला करते, आणि शेवटी आपणांस एकटीच राहू दे असे मागते. पिढ्यान्‌पिढ्या लोक ह्या भारुडास हसत आले आहेत. एकनाथांच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बाईच्या मनात काय खदखदते हे त्यांनी जाणले, आणि ते चारचौघांत बोलण्याजोगे केले. तथापि ते बोलण्याजोगे झाले ते रूपकाच्या आधाराने. कीर्तनकार लगेच उलगडा करून सांगतो: ही सून म्हणजे जीव, हे सासरचे लोक म्हणजे विकार, आणि तिला हवे असलेले एकटेपण म्हणजे कैवल्य. अर्थ उंच जातो. पण तो उंच जाता जाता खाली एक सून उभी राहिली होती तिचा विसर पडतो. श्रोते तिच्या दुःखास हसतात आणि जीवाच्या मोक्षास माना डोलावतात. भारुडाचे सोंग घेणाराही बहुधा पुरुषच असे; लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन तो नवस बोले.

आता ह्याच्या उलट उदाहरण घ्या. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी ह्या भारूडकार स्त्री तीच जुनी भारुडे महाराष्ट्रभर गात आल्या आहेत. शब्द एकनाथांचे, चाल परंपरेची. परंतु तोच नवस जेव्हा एखादी कुंकू लावलेली, संसार केलेली बाई खणखणीत आवाजात बोलते तेव्हा रूपकाचे वजन एकाएकी कमी होते आणि सुनेचे वाढते. प्रेक्षकांतल्या बायका ज्या ठिकाणी हसतात ती ठिकाणे बदलतात. आवाज म्हणजे केवळ शब्द नव्हेत, हे ह्यावरून ध्यानी यावे. तेच शब्द कोणाच्या तोंडून येतात, आणि बोलणाऱ्यास त्यांची किंमत कधी मोजावी लागली आहे काय, ह्यावर विनोदाचा अर्थ ठरतो.

तमाशात ह्या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी स्त्रियाच. पण त्यांची म्होरकी जी मावशी, जिच्या तोंडी सारा विनोद, ती पुरुष. नाचावयाचे स्त्रीने, हसवावयाचे मावशीने व सोंगाड्याने. स्त्रीला प्रश्न विचारले जात. तिच्या उत्तरांवर हशा पिके. पण हशाची सूत्रे दुसऱ्याच्या हाती असत. पुढे नाटक-सिनेमा आले, दूरचित्रवाणी आली, पण मावशी काही गेली नाही. 'फू बाई फू' २०१० साली सुरू झाले, 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली. ह्या कार्यक्रमांनी घराघरांत हशा पिकविला, आणि श्रेया बुगडे, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव ह्यांच्यासारख्या कसलेल्या नट्यांस त्यांनी स्थानही दिले. त्याआधी निर्मिती सावंत ह्यांच्या गंगूबाईने बाईच्या विनोदास घरोघरी मान मिळवून दिलाच होता. तथापि साडी नेसलेला पुरुष दिसताच प्रेक्षकांत जो हशा उसळतो, त्याचा विषय काय असतो, ह्याचा विचार आपण करीत नाही. त्या वेळी विनोद बाईने केलेला नसतो, बाईविषयीही केलेला नसतो. बाई असणे हीच गोष्ट हास्यास्पद मानलेली असते. सोंग वाईट असे मी म्हणत नाही. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु बालगंधर्वांनी स्त्रीचे रूप घेतले ते तिला उंच करण्यासाठी. मावशीचे सोंग तिला हास्याचा आयता विषय करण्यासाठी घेतले जाते. कलेच्या दृष्टीने हा भेद लहान नाही.

मग मराठीत स्त्रीचा स्वतःचा विनोदी आवाज, 'मी' म्हणणारा आणि नाव सांगणारा, कोठेच नव्हता काय? होता. तो रंगमंचावर नव्हता, पुस्तकात होता. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. हे पुस्तक आत्मचरित्राच्या कपाटात ठेवून आपण मोकळे झालो. पण माझ्या मते आज ध्वनिक्षेपकासमोर उभी राहणारी प्रत्येक मराठी मुलगी ह्या बाईची वारसदार आहे, मग तिने ते पुस्तक वाचलेले असो वा नसो.

लक्ष्मीबाईंचे साहित्य काय होते ते पाहावे. सत्तावन्नच्या बंडानंतर सोवळ्याच्या वेडाने झपाटलेले वडील. धुण्यासारखे असो वा नसो, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट. लहानपणी झालेले लग्न. कवी, उदार, लहरी आणि क्षणात घर सोडून चालता होणारा पती. १८९५ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ओढवलेला वियोग. ह्या सामग्रीतून एखादी स्त्री शोकगाथा लिहिती, आणि तिला कोणी नावे ठेवती ना. लक्ष्मीबाईंनी ती हसत सांगितली. पण ते हसणे कोणत्या जातीचे आहे? त्या स्वतःला मूर्ख ठरवून वाचकाची मर्जी संपादन करीत नाहीत. त्या टिळकांवर सूडही उगवीत नाहीत. वडील, पती, शेजारी, धर्मोपदेशक आणि स्वतः लक्ष्मीबाई, सारे एकाच पंगतीस बसलेले आहेत, आणि वाढणारीचा हात सर्वांस सारखा आहे. स्वतःच्या फजितीचे प्रसंग त्या सांगतात तेही ह्या समतेमुळे बोचत नाहीत. शिकलेली बाई दिसावे अशी धडपड त्यांच्या भाषेत नाही. घरात बोलत तसे त्या लिहितात. ज्याला आपण अस्सल आवाज म्हणतो त्याचे लक्षण येथे सापडते. तो आवाज दयेची याचना करीत नाही, सूड घेत नाही, आणि उसना शब्द वापरीत नाही.

ह्या कसोटीवर आजचा प्रकार घासून पाहू.

पहिले संकट स्वतःला उणे लेखण्याचे. अमेरिकेत फिलिस डिलर ही बाई १९५५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका लहानशा रंगगृहात प्रथम उभी राहिली. पाच मुलांची ती आई. आपली शरीरयष्टी चांगली आहे हे दिसू नये म्हणून ती ढगळ झगे घाली, केस पिंजारून घेई, आणि आपल्या कुरूपतेवर व नालायकीवर हशे वसूल करी. पुरुषांच्या त्या धंद्यात शिरण्यासाठी तिने दाराशी दिलेली ही जकात होती. मार्ग तिने मोकळा केला, ह्यात संशय नाही. पण तिच्यामागून येणाऱ्या कित्येकींनी जकातीलाच कला मानले. पुढे ऑस्ट्रेलियातील हॅना गॅड्सबी ह्या कलावंताने 'नॅनेट' ह्या प्रयोगात, जो २०१८ साली जगभर पाहिला गेला, ह्या व्यवहाराचा हिशेब मांडला. जो आधीच समाजाच्या कडेला उभा आहे त्याने स्वतःची थट्टा केली तर ती विनम्रता नव्हे, ती मानहानी होय, असे त्या प्रयोगाचे सूत्र होते. आपल्याकडे जाडी, काळा रंग, लांबलेले लग्न, न येणारा स्वयंपाक ह्यांवर स्वतःलाच टोमणे मारणाऱ्या मुली मी ऐकल्या आहेत. हशा मिळतो. पण ते टोमणे त्यांचे नसतात. ते आत्या-काकूंनी लग्नकार्यात मारलेलेच असतात. मुलगी फक्त त्यांचा पुनरुच्चार करते. हा तिचा आवाज नव्हे, तिच्याविषयीचा समाजाचा आवाज तिच्या तोंडून निघतो एवढेच.

दुसरे संकट मुखवट्याचे. अदिती मित्तल ह्यांचा प्रयोग २०१७ साली नेटफ्लिक्सवर आला. आपल्याला जे बोलू दिले गेले नाही ते बोलण्याची प्रतिज्ञा त्याच्या नावातच आहे. त्यांनी लोकप्रिय केलेल्या पात्रांपैकी एक म्हणजे डॉक्टर मिसेस लुचुके, कामविज्ञानाविषयी निःसंकोच बोलणारी एक वयस्क बाई. ही योजना मला फार सूचक वाटते. तरुण मुलीने जे बोलताच भुवया उंचावतात ते म्हातारीने बोलले तर चालते. आपल्या घरांतही आजीची जीभ नातीपेक्षा सैल असते. वयाबरोबर स्त्रीला तो परवाना मिळतो. मुखवटा हे कलेचे जुने व निष्पाप साधन आहे, आणि मी त्याचा निषेध करीत नाही. परंतु खरे बोलण्यासाठी स्त्रीला म्हातारी व्हावे लागते, अथवा तसे सोंग घ्यावे लागते, ही गोष्ट मात्र विनोदाची नव्हे.

तिसरे संकट आमच्या वाचकांच्या घरांत सर्वात आधी उच्चारले जाते: 'ह्या मुली फार अचकट-विचकट बोलतात.' ह्या आक्षेपात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. काही मुली पुरुष विनोदकारांच्या शिव्या व त्यांची ऐट उचलतात, आणि त्यास धीटपणा समजतात. ते अनुकरण आहे. आणि अनुकरण पुरुषाचे असले म्हणून ते स्वातंत्र्य ठरत नाही. परंतु मासिक धर्म, बाळंतपण, रस्त्यावर होणारी छेड, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमातली ती पारख, ह्या गोष्टी बोलल्या म्हणून ज्यांस अश्लील वाटते, त्यांनी आपल्या आक्षेपाचा पुन्हा विचार करावा. अश्लीलता विषयात नसते, दृष्टीत असते, असे आपण साहित्यचर्चेत पुरुष लेखकांच्या बाजूने वारंवार म्हणत आलो. तीच सवलत स्त्रीच्या वेळी नाकारणे न्यायाचे नाही. जनाबाईंनी विठोबास घातलेल्या शिव्या आपण भक्तीच्या नावाखाली गोड मानून घेतो. पदर खांद्यावर टाकून भर बाजारात जाण्याची त्यांची भाषा आपण अभ्यासक्रमात शिकवितो. ती गंगाखेडची दासी आज ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली, तर आपण पहिल्या रांगेत बसू की उठून जाऊ?

चौथे संकट भाषेचे, आणि ते आम्हां जुन्या जालन्याच्या लोकांस अधिक जवळचे आहे. कुंडलिकेच्या ह्या काठावर जी मराठी बोलली जाते तिला दख्खनी उर्दूचा शेजार आहे. येथली बाई 'करू राह्यले', 'जाऊ राह्यले' असे बोलते. ही बोली दूरचित्रवाणीवर ऐकू येते तेव्हा बहुधा मोलकरणीच्या नाही तर भोळसट नातेवाइकाच्या तोंडी. म्हणजे ती हसण्याचा विषय असते, हसविण्याचे साधन नसते. लक्ष्मण देशपांड्यांनी मराठवाड्याच्या बोलीस रंगमंचावर जी प्रतिष्ठा दिली ती केवळ त्यांच्या पात्रांच्या संख्येमुळे नव्हे; त्यांची माणसे आपल्या बोलीची लाज न बाळगता बोलतात म्हणून. पण तो पुरुषाचा प्रयोग होता. त्यातल्या बायकाही त्यांनीच उभ्या केल्या. आज आमच्याकडची मुलगी हा नवा प्रकार करू पाहते तेव्हा तिच्यापुढे दोन नमुने असतात: मुंबई-पुण्याची इंग्रजीमिश्रित मराठी, नाही तर हिंदी. दोन्ही तिला परीक्षेतल्या उत्तरासारख्या येतात. परीक्षेच्या भाषेत कोणी कोणास हसविलेले माझ्या ऐकिवात नाही.

काही वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनात एका विद्यार्थिनीने पाच-सात मिनिटांचे असे भाषण केले. आरंभीची दोन मिनिटे ती पुस्तकी मराठीत बोलत होती, आणि सभागृह शिष्टपणे शांत होते. पुढे, तिला पाहावयास आलेल्या मंडळींनी तिला चालून दाखवावयास सांगितले तो प्रसंग आला, आणि ती नकळत घरच्या बोलीवर घसरली. मागच्या रांगांत बसलेल्या बायका प्रथम हसल्या, मग मुली, सर्वांच्या शेवटी पुढच्या रांगांतले आम्ही पुरुष. तिने कोणाचीही नक्कल केली नाही, स्वतःस हिणविले नाही. चालून दाखविल्यावर पाहुण्यांना 'आता तुम्ही चाला' असे म्हणण्याचे आपल्या मनात आले होते, एवढेच तिने सांगितले. कार्यक्रम संपल्यावर एकाने त्याचे चित्रण भ्रमणध्वनीवर सर्वांस पाठविण्याची परवानगी मागितली, तेव्हा तिने हात जोडून नकार दिला. कारण विचारण्याची गरज नव्हती. ज्यांनी तिला चालविले होते त्यांच्यापैकी कोणी ना कोणी ते पाहिले असते. हादग्याच्या गाण्यातल्या सुनेस जे चिलखत होते ते हिला नव्हते. तिने 'मी' म्हटले होते.

आणि ही भीती काल्पनिक नाही. २०२० च्या जुलैत मुंबईच्या अग्रिमा जोशुआ ह्या विनोदकार तरुणीचा एक जुना प्रयोग समाजमाध्यमांवर फिरू लागला. अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाविषयी इंटरनेटवर जे लिहिले जात होते त्यावर तिची थट्टा होती. ती थट्टा रुचणे न रुचणे हा ज्याच्या त्याच्या भावनेचा प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रात ती भावना किती खोल आहे हे मी सांगावयास नको. तिने जाहीर क्षमाही मागितली. परंतु तिला मिळालेल्या उत्तरांत बलात्काराच्या धमक्या होत्या. तशा धमकीबद्दल बडोद्यात एकास अटक झाली. पुरुष विनोदकारांवरही संकटे येतात. २०२१ च्या जानेवारीत इंदुरात मुनव्वर फारुकी ह्यास अटक झाली आणि त्यास महिनाभर तुरुंगात राहावे लागले. तो अन्याय लहान नव्हता. पण पुरुषाच्या विनोदाचा राग त्याच्या मतावर निघतो. स्त्रीच्या विनोदाचा राग तिच्या देहावर काढण्याची भाषा होते. शिवरायांनी परस्त्रीस कसे वागविले हे ज्यांना पाठ आहे, त्यांच्याच नावाने ही भाषा व्हावी, ह्याहून मोठी विटंबना कोणत्याही विनोदाने झाली नसती.

येथे एक चाणाक्ष वाचक विचारील: 'हा अस्सल आवाज म्हणजे तरी काय? रंगमंचावर उभी राहणारी प्रत्येक व्यक्ती काही तरी रचूनच बोलते. तोच विनोद ती शंभर वेळा, त्याच ठिकाणी थांबून, त्याच आश्चर्याने सांगते. मग त्यात खरे ते काय?' आक्षेप बिनतोड आहे, आणि तो मान्य करण्यात काही हानी नाही. 'स्मृतिचित्रे' हीदेखील रचनाच आहे. काय सांगावे आणि काय गाळावे हे लक्ष्मीबाईंनी ठरविलेच. अस्सल म्हणजे न रचलेले, असा अर्थ घेतला तर कलेत अस्सल काहीच उरणार नाही. माझ्या मते प्रश्न रचनेचा नसून रचणाऱ्याचा आहे. हा 'मी' कोणी घडविला? ज्या गोष्टीवर हशा होतो ती बोलणारीने स्वतः पाहिली आहे, की तिच्याविषयी इतरांनी जे पाहिले ते ती परत करीत आहे? तिच्या शेजारी बसलेल्या बाईस तो विनोद ऐकून आपण सापडल्यासारखे वाटते, की पकडल्यासारखे? ह्या प्रश्नांची उत्तरे जी देऊ शकेल तिचा आवाज तिचा आहे. मग तिने तो शंभर वेळा घोटलेला का असेना. गवयाने षड्ज घोटून घोटूनच आपलासा केलेला असतो.

इंग्रज कादंबरीकार जॉर्ज मेरेडिथ ह्याने १८७७ साली लंडनमध्ये विनोदावर एक व्याख्यान दिले. ज्या समाजात स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने वावरतात तेथेच उच्च प्रतीचा विनोद संभवतो, असे त्याने त्यात प्रतिपादिले होते. त्याच्या मनात स्त्रिया विनोदाच्या पात्री व रसिक म्हणून होत्या. त्यांनीच उभे राहून तो करावा, हे पाऊल पुढचे. आणि ते मेरेडिथच्याच सिद्धांतातून सरळ निघते. फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्गसाँ १९०० साली म्हणाला की, हास्य नेहमी एका समूहाचे असते. ही दोन वचने एकत्र वाचली म्हणजे विनोदकार स्त्रीच्या आवाजाची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकता येत नाही. हसणारा समूह जसा असेल तसा आवाज त्याला मिळेल. स्वतःस उणे म्हणवून घेणाऱ्या मुलीला आपण टाळ्या दिल्या, तर उद्या दहाजणी स्वतःस उणे म्हणतील. तिच्या बोलीला हसण्याऐवजी त्या बोलीत सांगितलेल्या गोष्टीला हसलो, तर उद्या जालन्याची, परभणीची, हिंगोलीची मुलगी घरच्या भाषेत उभी राहील.

सुषमा देशपांड्यांनी १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' हा प्रयोग गावोगाव केला. त्यातला 'व्हय' हा एक शब्द मला सबंध पानभर समीक्षेहून अधिक बोलका वाटतो. पुण्याच्या रंगमंचावर तो 'होय' होऊ शकला असता. तो तसा झाला नाही, म्हणूनच पुढच्या 'मी'ला वजन आले. विनोदाचा मार्ग ह्याहून वेगळा नाही. भरतमुनींनी केलेल्या वाटणीतला परस्थ हास्याचा वाटा स्त्रिया आता मागू लागल्या आहेत. तो देण्याघेण्याचा अधिकार खरे म्हणजे कोणाकडेच नव्हता. आपल्या हाती आहे ते इतकेच की, घरातली मुलगी जेवणाच्या पानावर काही मिश्कील बोलली, तर 'बायकांना असे शोभत नाही' हे वाक्य गिळून, खरोखर हसू आले असेल तर मोठ्याने हसावे.